खंड पहिला, खंड तिसरा

ग्रंथालयात दोन जातींची पुस्तकं असतात. एक, दुपारच्या चहापर्यंत दाखल करून मोकळं होता येतं अशी. आणि दुसरी, ग्रंथपालाच्या निवृत्तीपर्यंत पुरणारी. या दुसऱ्या जातीला बहुखंडी ग्रंथ म्हणतात. कादंबरीचं काम सरळ असतं. आली, शिक्का मारला, क्रमांक टाकला, कपाटात लावली, दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेली. बहुखंडी ग्रंथ असा एकदाचा येत नाही. त्याचा पहिला खंड येतो तेव्हा ग्रंथपाल तरुण असतो, संपादक ठणठणीत असतात आणि मलपृष्ठावर 'उर्वरित खंड लवकरच' असं छापलेलं असतं. शेवटचा खंड येतो तेव्हा ग्रंथपालाचा निरोपसमारंभ झालेला असतो, संपादकांची जन्मशताब्दी होऊन गेलेली असते आणि पहिल्या खंडाला वाळवी लागलेली असते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. कार्यकारिणीवर असणं म्हणजे सभेला चहा पिणं आणि वर्षअखेरीला सांगतील तिथे सही करणं. पण मला ग्रंथपालभाऊंच्या टेबलासमोर बसायची खोड आहे. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालंय. संच नावाची वस्तू फक्त कागदावर असते. कपाटात असतात ते सुटे खंड, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणंचालणं असेलच अशी खात्री देता येत नाही.

मुळात संच एक की अनेक, यावर वाचनालयाच्याच दोन वह्यांचं एकमत नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा असतो. वीस खंड आले तर वीस क्रमांक, वीस ओळी. तालिकेत मात्र सगळ्यांचं मिळून एकच पत्र करायचं, कारण ग्रंथ एक, संपादक एक, नाव एक. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारख्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात; वर्ग ठरवताना इतर गोष्टींबरोबर ग्रंथसंख्याही पाहतात, आणि वर्गावर अनुदान ठरतं. तेव्हा मराठी विश्वकोश हा ज्ञानाच्या दृष्टीनं एक ग्रंथ असला तरी अनुदानाच्या दृष्टीनं वीस आहे. अखिल ज्ञान एक आहे, हे वेदान्त्यांचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. फक्त ते तपासणीच्या दिवशी कुणी बोलू नये.

नोंदवहीत किमतीचा एक रकाना असतो. संच एकरकमी घेतला तर पूर्ण किंमत पहिल्या खंडापुढे लिहितात आणि बाकीच्या खंडांपुढे आडवी रेघ ओढतात. ही रेघ पुढे आम्हाला महागात पडली, ते ओघात येईलच.

तालिकापत्र साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं. एवढ्या जागेत ग्रंथाची कुंडली मांडायची. संच पुरा व्हायचा असेल तर 'खंड १' लिहून पुढे रेघ मारायची आणि रेघेनंतरची जागा मोकळी ठेवायची. पुढचे खंड येतील तसे आकडे भरायचे, तेही पेन्सिलीनं. कारण किती येतील हे प्रकाशकालाही ठाऊक नसतं. संच पूर्ण झाला की पेन्सिल खोडायची आणि शाईनं शेवटचा आकडा घालायचा. भाऊंच्या ड्रॉवरात अशी पेन्सिलीची पत्रं वेगळी गठ्ठा बांधून ठेवलेली आहेत. आधीच्या ग्रंथपालानं निवृत्त होताना चाव्या, शिक्के आणि हा गठ्ठा असा तीन गोष्टींचा कार्यभार सोपवला होता. गठ्ठ्यात काही पत्रांवर तर पेन्सिलही पुसट झालीय. ते खंड निघालेच नाहीत, की निघाले आणि आमच्यापर्यंत आले नाहीत, हे सांगणारं आता कुणी नाही.

विश्वकोशाचा विषय आमच्याकडे जरा घरचा आहे. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जन्मले पिंपळनेरला, म्हणजे आमच्या नवापूरच्या शेजारी, साक्री तालुक्यात. घरचा माणूस म्हणून तक्रार करत नाही, पण तालिकेच्या दृष्टीनं विश्वकोशानं पहिल्याच पावलाला पंचाईत केली. मूळ आराखड्यात पहिले सतरा खंड मजकुराचे आणि अठरावा परिभाषासंग्रहाचा, असं ठरलं होतं. परिभाषा ठरल्याशिवाय लेखक लिहिणार कसे? म्हणून हा अठरावा खंड १९७३ साली सर्वांच्या आधी बाहेर पडला. पहिला आला १९७६मध्ये. विचार बरोबर होता, पण नियमाप्रमाणे पत्रावर आधी आलेला खंड आधी लिहायचा. आता सुरुवातीलाच 'खंड १८' लिहून त्याच्यापुढे रेघ मारली, तर पाहणाऱ्याला वाटणार की आधीचे सतरा गहाळ झाले! नव्या ग्रंथपालाची नोकरी तिथेच धोक्यात.

पुढे मजकूर वाढत गेला. तर्कतीर्थ १९९४मध्ये गेले तेव्हा काम चालूच होतं. मग मे. पुं. रेगे आले, रा. ग. जाधव आले, श्रीकांत जिचकार आले, विजया वाड आल्या. मजकुराचेच खंड विसापर्यंत पोहोचले. विसावाही एका जिल्दीत मावेना, म्हणून त्याचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध झाले आणि २०१५मध्ये अखेर संच पुरा झाला. म्हणजे वीस खंड मोजायला गेलं तर एकवीस जिल्दी भरतात, आणि ज्यांच्याकडे १९७३चा अठरावा आहे त्यांच्याकडे अठरावे दोन. एका वर्षी तपासणीला आलेल्या गृहस्थांनी जिल्दी मोजल्या आणि विचारलं, "वीस खंडांचे बावीस कसे?" वाचनालयात पुस्तकं कमी भरली तर काय उत्तर द्यायचं हे भाऊंना पाठ आहे. जास्त भरली तर काय सांगायचं, हे ग्रंथालय प्रमाणपत्राच्या परीक्षेलाही शिकवत नाहीत.

विश्वकोशाच्या आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश केला. सरकारची मदत नाही, कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि १९२०च्या दशकात तेवीस खंड काढून दाखवले. माणूस अचाट होता. एवढा अचाट, की कोशाला प्रस्तावना लिहायला बसला आणि प्रस्तावनेचेच पाच खंड झाले. 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. 'अ'पासून सुरुवात सहाव्या खंडात. आमच्याकडे एका शेतकऱ्यानं उसाची माहिती पाहायला ज्ञानकोशाचा पहिला खंड नेला. पंधरा दिवसांनी परत आणला. ऊस सापडला का, विचारलं. म्हणाले, "ऊस अजून लागला नाही, पण जगाची परिस्थिती लक्षात आली."

आता असल्या संचांची नोंद करायची कशी, याचा विचार थोरामोठ्यांनी करून ठेवलाय. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पानिझीसाहेबांनी १८४१मध्ये तालिकेचे एक्याण्णव नियम केले. लोक तेव्हाही म्हणाले, पुस्तकाचं नाव लिहायला एक्याण्णव नियम कशाला? असं म्हणणाऱ्याला एकदा 'खंड ४, भाग २, पुरवणी' अशा पुस्तकासमोर बसवावं. आपल्याकडे रंगनाथनांनी १९३४मध्ये तालिकासंहिता लिहिली आणि बहुखंडी ग्रंथांचे दोन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात सगळ्या खंडांचं नाव एकच, फक्त आकडा बदलतो. महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश घ्या. दहा खंड, दहाही 'भारतीय संस्कृतिकोश'. असे खंड गुणी असतात, जिथे लावाल तिथे राहतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक खंडाला आपापलं नाव असतं, आणि नाव मिळालं की खंडाला पाय फुटतात.

सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशाचे तीन खंड केले : प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन. आमच्याकडे तिन्ही आहेत, असं तालिका सांगते. 'प्राचीन' धार्मिकच्या कपाटात होता, कारण उघडल्यावर पहिल्याच पानावर कुणी ऋषी दिसले. 'मध्ययुगीन' इतिहासात गेला. 'अर्वाचीन' पुष्कळ दिवस सापडत नव्हता. शेवटी तो स्पर्धा परीक्षांच्या कपाटात मिळाला, कारण अभ्यासिकेतल्या पोरांच्या मते जे काल होऊन गेलं ते सगळं 'चालू घडामोडी'. एका वेळी तिन्ही खंड एकत्र आणून भाऊंनी शेजारीशेजारी लावले. ते बरे दिसत होते. आठवड्यानं पाहिलं तर तिघेही आपापल्या जुन्या ठिकाणी परत.

नुसते खंड परवडले, पण खंडाला भाग फुटतात तेव्हा माणूस हात टेकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनानं १९७९पासून काढायला घेतले. वाचकांची मागणी मोठी. सबंध वाचनालयात ज्यांच्यासाठी लोक नाव लावून थांबतात असे हेच खंड. पण चौदाव्याचे भाग दोन, सतराव्याचे भाग तीन, अठराव्याचे भाग तीन. वाचक म्हणतो, "सतरावा द्या." भाऊ विचारतात, "सतराव्यातला कितवा?" वाचकाला वाटतं भाऊ टाळताहेत. मग शेजारचा कुणी अनुभवी सभासद मध्ये पडून समजावतो की सतरा हा खंड आहे, तीन हा भाग आहे, आणि रांगेतला नंबर अकरावा आहे.

बाहेरगावच्या माणसाला हे खंड-भाग समजत नसेल तर मी त्याला नवापूरच्या रेल्वे स्थानकावर घेऊन जाईन. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्थानक निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तरांची खोली तिकडे. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधून राज्याची सीमा जाते. नवराबायको शेजारी बसून दोन राज्यांत असू शकतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात आणि गाडी एकच येते. हा एक ग्रंथ धरावा की दोन? मुख्य नोंद कोणाच्या नावावर? पूर्वार्ध हरवला तर उत्तरार्धात बसलेल्या प्रवाशानं कुणाकडे तक्रार करायची? रेल्वेनं मात्र हा प्रश्न आमच्यापेक्षा शहाणपणानं सोडवलाय. तिनं अख्ख्या स्थानकाला नाव एकच ठेवलं आणि पाटी रंगवून मोकळी झाली.

खरी गंमत आमच्या जिल्ह्याची आहे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. पण मोठमोठे संच त्याआधीच छापून झालेले. त्यामुळे नंदुरबारची माहिती हवी असेल तर तिचा पत्ता दर संचात निराळा. इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात ती 'खानदेश' नावाच्या बाराव्या खंडात, साल १८८०. पुढे १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम झाले, म्हणून ज्ञानकोशाच्या काळी नंदुरबार पश्चिम खानदेशात. विश्वकोशाचा 'न'चा खंड १९९८च्या आधीचा, म्हणून त्यात ते धुळे जिल्ह्यात. गाव जागचं हललं नाही, मिरचीच्या पथाऱ्या जिथल्या तिथे, पण तीन संच धरून तीन जिल्हे झाले. भाषा शोधायला जावं तर आणखी तिसरीकडे. ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषा सर्वेक्षणात भिली बोली आणि खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, सापडतात नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, साल १९०७. थोडक्यात, आमच्या जिल्ह्याची जमीन बाराव्या खंडात आणि जीभ नवव्याच्या तिसऱ्यात. शाळेतली पोरं 'माझा जिल्हा' प्रकल्पाला येतात तेव्हा भाऊ शिडी काढतात. शिडी दिसली की पोरं मोबाइल काढतात.

वाचकांचंही एक शास्त्र आहे. संचाच्या पाठीकडे नुसतं पाहिलं तरी गावाची वाचनाची ताकद कळते. पहिल्या खंडाची पाठ उसवलेली, शिवण ढिली, पानांचे कान मुडपलेले. दुसरा बरा. तिसऱ्यावर धूळ. चौथ्यापासून पुढे पानं अजून एकमेकांना चिकटलेली, छापखान्यातून आली तशी. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपति'चा पूर्वार्ध आम्ही दोनदा बांधून घेतला, उत्तरार्ध एकदाही नाही. शिवजन्म पूर्वार्धात आणि राज्याभिषेक उत्तरार्धात, म्हणजे आमच्या गावानं महाराजांना जन्माला घातलं, पण सिंहासनावर बसवायला अजून सवड झालेली नाही.

याला अपवाद आमचे आबा. वय ऐंशीच्या पुढे, रोज दुपारी चारला येतात, सरदेसायांच्या मराठी रियासतीचे आठही खंड क्रमानं वाचायचे असा त्यांचा निश्चय. पहिला संपवून आले आणि काउंटरवर काठी टेकून उभे राहिले.

"भाऊ, दुसरा खंड कथा शे?"

"दुसरा बाहेर शे, आबा. तिसरा लई जा."

"दुसरा वाचाबिगर तिसरा कसा वाचू?"

"मराठास्ना इतिहास शे, आबा. मधमा काय व्हयनं ते तुमले मालूम शे."

आबांनी थोडा विचार केला. युक्तिवादात खोट नव्हती. तिसरा खंड काखेत मारला आणि जाता जाता म्हणाले, "पण दुसरा उना का मना नावनी चिठ्ठी लाई ठेव." ती चिठ्ठी अजून काउंटरच्या काचेखाली आहे. आबांचे बाकीचे सात खंड होऊन गेले. दुसरा उना नही.

खंड हरवतात तसे येतातही, आणि येतात तेव्हा जास्त त्रास देतात. गावातले कुणी वकीलसाहेब वारले की मुलं पुण्याहून येतात, घर विकायला काढतात आणि पुस्तकांच्या गोण्या वाचनालयाला 'सप्रेम भेट' देतात. गोणीत महाराष्ट्र शब्दकोशाचे भाग निघतात. दाते-कर्व्यांचा हा शब्दकोश सात विभागांचा आणि वर एक पुरवणी. गोणीतून निघतात चार, त्यातले दोन आपल्याकडे आधीच असलेले, आणि एकावर दुसऱ्याच वाचनालयाचा शिक्का, खाली 'सात दिवसांत परत करावे' ही सूचना. सात दिवस संपून तीस-चाळीस वर्षं झालेली असतात. भाऊ अशा वेळी शिक्क्याकडे पाहत नाहीत. "भेट देणाऱ्याच्या दातांकडं पाहू नये," म्हणतात.

मग पुस्तकं बाइंडरकडे जातात. आमचा बाइंडर हाताचा पक्का आहे, पण पाठीवरचे आकडे त्यानं चिठ्ठीवरून घालायचे असतात. चिठ्ठी घामानं भिजते. परत येताना एका संचात खंड चार दोन आणि पाच एकही नाही. उघडून पाहिलं तर एक चार खरा आणि दुसरा पाचच. भाऊंनी तो पुन्हा पाठवला नाही. काउंटरवर फक्त सांगून ठेवलं, "हिरव्या कापडाचा चार म्हणजे पाच." वाचनालयाचे जुने सभासद हे जाणतात. नवे सभासद जुने होईपर्यंत चौथा खंड दोनदा नेतात आणि दोन्ही वेळा वेगळा निघाला म्हणून खूष होतात.

आता संगणक आलाय. नोंदी भरायला एक हुशार मुलगा ठेवला, नोंदीमागे पैसे. त्यानं पहिल्याच दिवशी हिशेब ओळखला : तालिकेचा नियम धरला तर वीस खंडांची एक नोंद, नोंदवहीचा धरला तर वीस. त्यानं नोंदवहीचा धरला. अनुदानाचं तत्त्व त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आतून स्फुरलं. विश्वकोशाचे संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी आणि संस्कृतिकोशाचे महादेवशास्त्री जोशी. मुलानं जागा वाचवायला दोन्हीकडे 'जोशी, शास्त्री' असं भरलं. संगणकानं दोघांना एक केलं आणि पडद्यावर शास्त्री जोशी नावाच्या एकाच माणसाच्या नावावर तीस खंडांचे दोन कोश उभे राहिले. आबांनी ते पाहिलं आणि हात जोडले.

मग क्रम लावायची वेळ आली. आकडे टाकले तर संगणक लावतो : एक, मग दहा, अकरा, बारा असं करत एकोणीस, मग दोन, मग वीस, मग तीन. त्याला मोजता येत नाही, वाचता येतं. म्हणून मुलानं आकडे काढून अक्षरांत लिहिले. संगणकानं इमानदारीनं मराठी वर्णक्रम लावला : अकरावा, अठरावा, आठवा, एकोणिसावा, चौथा, चौदावा, तिसरा, तेरावा, दहावा, दुसरा, नववा, पंधरावा, आणि त्यानंतर तेराव्या जागी पहिला. शेवटी कोण, तर सोळावा. यादी छापून भाऊंच्या टेबलावर आली. त्यांनी ती बराच वेळ वाचली आणि म्हणाले, "कपाटात लावलेत त्यापेक्षा बराय हा क्रम. निदान कारण तरी सांगता येतं."

आता ती रेघ. आमच्या जिल्ह्यात बाहेरून येणारे साहेबलोक पुष्कळ, आणि आल्या दिवसापासून बदलीचा अर्ज टाकणारेही पुष्कळ. अशाच एका साहेबांना वाचनाची आवड निघाली. नव्या जागी आलोय तर तिची माहिती करून घ्यावी, हा त्यांचा विचार स्तुत्य होता. त्यांनी सभासदत्व घेतलं. बाहेरगावचा माणूस म्हणून जामीन लागतो. तो गावातले निवृत्त गुरुजी झाले, कारण साहेबांनी त्यांना 'सर' म्हटलं होतं. साहेबांनी विश्वकोशाचा 'न'चा खंड नेला, नंदुरबारची नोंद वाचायला. वाचली असावी, कारण पंधरवड्यात त्यांची बदली झाली. खंडही बदलून गेला. सध्या तो विदर्भात कुठेतरी असावा. नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचनालयातला विश्वकोश आता सगळ्या जगाची माहिती देतो, नंदुरबार सोडून.

स्मरणपत्रं गेली. उत्तर नाही. मग नियमाप्रमाणे जामीनदाराला नोटीस. गुरुजी काठावर पास होणाऱ्यालाही दोन गुण कमी देणारे. ते धोतराचा सोगा सावरत थेट कार्यकारिणीच्या सभेलाच आले.

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला : संचातील एक खंड हरवल्यास पूर्ण संचाची किंमत भरावी लागेल, कारण खंड सुटा मिळत नाही.

"मान्य," गुरुजी म्हणाले. "पूर्ण संचाची किंमत भरतो. मग बाकीचे खंड माझे. उद्या हातगाडी पाठवतो."

सभेत शांतता. बाकीचे खंड गेले तर ग्रंथसंख्या तेवढ्यानं कमी होणार, हे खजिनदारांच्या चेहऱ्यावर आधी दिसलं. ते घाईनं म्हणाले, संच मोडायला नको, एका खंडाची काय होईल ती किंमत गुरुजींनी द्यावी.

"तीही मान्य. दाखल नोंदवही काढा."

भाऊंनी नोंदवही काढली. त्या खंडाची ओळ सापडली. किमतीच्या रकान्यात आडवी रेघ. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून रेघ नीट पाहिली, खिशातून वही काढली, एका कोऱ्या पानावर तेवढीच रेघ ओढली, खाली सही केली, तारीख घातली आणि पान फाडून अध्यक्षांच्या हातात दिलं. "भरणा झाला. पावती द्या."

पावती कशाची द्यायची, यावर अर्धा तास चर्चा झाली. एकानं सुचवलं, विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, ती पानं छापून घेऊन बांधून घ्यावीत. दुसऱ्यानं विचारलं, मग त्याला दाखल क्रमांक जुना द्यायचा की नवा? नवा दिला तर संख्या एकानं वाढेल, असं खजिनदारांनी लगेच लक्षात आणून दिलं आणि ते पहिल्यांदाच हसले. पण छपाईचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, इथे ते अडलं. खंड हरवला असं लिहायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, त्याला चौकशी लागते, चौकशीत भाऊंचा जबाब, भाऊंच्या जबाबात रियासतीचा दुसरा, शब्दकोशावरचा दुसऱ्याचा शिक्का आणि हिरव्या कापडाचा चार. भाऊ छताकडे बघत होते.

तेवढ्यात चहा आला. चहानंतर सभेची बुद्धी नेहमीच उजळते. गुरुजींच्याच शब्दांत, कारण शुद्धलेखन त्यांचं चांगलं, इतिवृत्तात ठराव लिहिला गेला आणि एकमतानं मंजूर झाला. सूचक म्हणून खजिनदारांची सही आहे आणि अनुमोदक म्हणून माझी :

'सदर खंड परत येईपर्यंत संच पूर्ण आहे असे समजण्यात यावे.'